कबुतराचा आतला डोळा

१

“तुम्हाला एकमेकींचा हेवा वाटतो का हो?”

एवढंच विचारायचं होतं. माझ्या वर्गातल्या रिनाको आणि आसाकाने पैजच लावली होती. ज्या घरात माइको, म्हणजे शिकाऊ नर्तकी, व्हायला निघाली आहेस, त्या घराच्या मालकिणीला हे तोंडावर विचारून दाखव, मग तुला मानलं. आधीची मियो असती तर दारातूनच परत फिरली असती. पण शाळेच्या वादविवादात मी यंदा मुलांच्या अख्ख्या संघाला गप्प बसवलं, आणि तेव्हापासून मला कोणाचीच भीती वाटत नाही. आई म्हणते, जीभ जरा जास्तच सैल सुटली आहे.

आमचं दुकान गल्लीच्या तोंडाशी आहे. बाबा केसांत खोवायची फुलं करतात आणि मोठ्या आईंचं घर आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्या घरातल्या सगळ्याच मुली त्यांना आई म्हणतात. मला माझी आई आहे म्हणून मी त्यांना मोठ्या आई म्हणते. वसंतात माझी शाळा संपली की मी तिथे शिकायला जायचं की नाही, हे ठरायचं होतं. आई नको म्हणत होती, बाबा काहीच म्हणत नव्हते आणि मोठ्या आई उत्तराची वाट बघत होत्या.

मी गेले तो दिवस नव्या वर्षाच्या समारंभाच्या आदला. सकाळ होती. पैजेचा प्रश्न जिभेवर घोळवत मी वर गेले, तर मोठ्या खोलीत घरातल्या सगळ्याजणी गुडघ्यांवर बसलेल्या. मधोमध काळ्या तबकात बाबांनी केलेली लोंबी.

खऱ्या भाताची लोंबी असते ती, नव्या वर्षात केसांत खोवायची. माइको उजवीकडे खोवतात, शिकून पुऱ्या झालेल्या नर्तकी, म्हणजे गेइको, डावीकडे. लोंबीवर पांढरं कबुतर बसलेलं असतं, तोंड पुढे करून, आणि त्याला डोळे नसतात. बाबा मुद्दामच ठेवत नाहीत. बाहेरून दिसतो तो डोळा समारंभाच्या आदल्या दुपारी जिचा तिने रेखायचा, मोठ्या आईंनी उगाळलेल्या शाईने. आतला, केसांकडचा डोळा कोरा ठेवायचा. तो रेखायचा हक्क एकाच माणसाचा, ज्याच्यावर तिचा जीव जडलाय त्याचा.

तबकातली लोंबी घरातल्या सगळ्यात नव्या माइकोची, सुझुहाची होती आणि कबुतराला डोळा होता. एकच. आतला.

“कोण आहे तो?” मोठ्या आईंनी विचारलं.

सुझुहा खाली मान घालून बसली होती. कोणी नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मोठ्या आईंचा आवाज चढला नाही. त्यांचा कधीच चढत नाही. या घरातली मुलगी इथे असेपर्यंत कोणाची नसते, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं ना, असं म्हणून त्यांनी फोन जवळ ओढला. ओकी बेटावर, सुझुहाच्या वडिलांना. येऊन मुलीला घेऊन जा, असं सांगायला.

२

मी मध्येच बोलले. आता आठवलं की मलाच माझं कौतुक वाटतं. मी म्हटलं की लोंबी आमच्या दुकानातली आहे, दोष आमच्याकडूनही असू शकतो, मला जरा बघू द्या. मोठ्या आईंनी लोंबी तबकातून उचलून डब्यात ठेवली. मग तो डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, जेवणाची वेळ होईपर्यंत फोन करत नाही.

सुझुहाला मागच्या सामानाच्या खोलीत बसवलं होतं. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. पण या गावात आली त्या दिवशी रस्ता चुकून आमच्या दुकानात शिरली नि ढसाढसा रडली, तेव्हापासून तिला ताई म्हणायचं राहूनच गेलं. तिच्या बाबांची माकूळ पकडायची होडी आहे. बेटावर कोणाला नाच येत नाही. ही मात्र वसंतातल्या नाचात पुढच्या ओळीत उभी राहणार होती. पहिल्या वर्षीची, नुसता खालचाच ओठ रंगवणारी मुलगी पुढच्या ओळीत, असं आमच्या गल्लीत कोणाला आठवत नाही.

“काल लोंबी घेऊन तू आमच्याकडे आली होतीस,” मी म्हटलं. एक दाणा सैल झाला होता, तो बाबांनी बसवला, आणि डब्यात परत ठेवली ती मी. तेव्हा कबुतर दोन्हीकडून कोरं होतं. “तिथून निघालीस आणि उशिरा पोचलीस. कुठे होतीस?”

मी गप्प बसले, गप्प बसणं हे मी नवीनच शिकले आहे. शेवटी तिने सांगितलं. पुलाशेजारच्या सार्वजनिक फोनवर होती. आईशी बोलत होती आणि रडत होती. इथे मुलींकडे मोबाईल नसतो. घरी फोन करायचा तोही विचारून, आणि रडायला तर मुळीच नाही.

“हे मोठ्या आईंना सांग ना.”

“सांगितलं तर म्हणतील, हिला अजून घरची ओढ आहे, पाठवा हिला घरी,” ती म्हणाली. “मियो, मला परत नाही जायचं. तिकडे गेले तर मी माकळं वाळवीन, आणि ते वाईट नाही, माझी आई तेच करते. पण माझे हात वेगळं शिकलेत आता.”

मग तिने एक सांगितलं ते मी लक्षात ठेवलं. वाटेत डबा तिने हातातून सोडला नव्हता, आणि आल्यावर तो नेहमीच्या फळीवर ठेवला, वरच्या आरशाच्या खोलीत. तिथे घरातल्या बायकाच जातात. पुरुष एकच, कमरेचे पट्टे बांधायला येणारे आजोबा, आणि ते सणाला मुलाकडे गेलेले.

म्हणजे कोणी प्रियकर असता, तरी त्या खोलीत शिरला नसता. डोळा घरातल्याच हाताचा होता.

३

आरशाच्या खोलीत तामाओताई भुवया रंगवत बसली होती. तिला माइको होऊन तीन वर्षं झालीत आणि गल्लीत तिच्या जिभेची दहशत आहे. सुझुहा डबा घेऊन बाहेर गेली होती ही चुगली मोठ्या आईंकडे तिनेच केलेली. माझ्या मनात गुन्हेगार ठरलाच होता, फक्त कबुली हवी होती.

तेव्हा मी पैजेचा प्रश्न तिलाच विचारला.

“हेवा?” आरशातूनच माझ्याकडे बघत ती म्हणाली. “रोज करते. दात घासते तसा. त्यात विचारायचं काय?”

मी गडबडले. इतक्या सरळ उत्तराची तयारी वादविवादात करून घेत नाहीत. ती थांबलीच नाही. सुझुहाचं कपाळ हेवा वाटावा असं, मान हेवा वाटावा अशी, मानेवरच्या पांढऱ्या रंगाची टोकं इतकी नेमकी उतरतात की मागून बघणाऱ्याचा चहा गार होतो. पुढच्या ओळीतली ती जागा तिची, तामाओची होती. “मला राग येतो. मी तो बोलून टाकते, मग मला छान भूक लागते. जे बोलत नाहीत ना, त्यांना विचार.”

“डबा बाहेर नेला हे तुम्हीच सांगितलंत.”

“नेला म्हणून सांगितलं. डोळा मी नाही रेखला. आणि रेखायचाच असता तर आतला कशाला रेखू? मी काय तिचा प्रियकर आहे?”

बोलता बोलता तिने कुंचला आधी लाल रंगात बुडवला, भुवईवर फिरवला, आणि तोच कुंचला तसाच काळ्यात घातला. माइकोंच्या भुवयांत असा लाल मुरलेला असतो, म्हणून त्या लहान दिसतात. मग तिने मला केसांना लावायच्या मेणाची डबी उघडून द्यायला सांगितलं. झाकण घट्ट होतं, माझी बोटं बरबटली.

“तुला एक सांगते,” ती म्हणाली. “जुन्या बायका म्हणायच्या, दुसरीच्या कबुतराचा बाहेरचा डोळा आपल्या हाताने रेखला की तिचं वर्ष आपल्याकडे येतं. बाहेरचा डोळा रेखलेला सापडला असता, तर मीच ओरडले असते की घरात चोर आहे. पण हा आतला. आतल्या डोळ्याने कोणाचं काही चोरता येत नाही.”

मी लोंबी डब्यातून काढून पुन्हा बघितली, आणि माझं बरबटलेलं बोट चुकून कबुतराला लागलं.

डोळा पसरला.

४

बाबा मला काय म्हणतील हा पहिला विचार, आणि दुसरा विचार त्याच्या मागोमाग: शाई अशी पसरत नाही. वाळलेली शाई मेणाने हलत नाही, आमच्या दुकानात हे मांजरालाही ठाऊक आहे. शिवाय मोठ्या आई शाई दुपारी उगाळणार होत्या. त्यांच्या कुलुपातली वडी अजून बाहेरच आली नव्हती. डोळा रेखला होता तो तोंड रंगवायच्या काळ्याने.

बोट मी खिडकीशी नेलं. पसरलेला डाग करडा होता, राखेसारखा. काहीतरी नव्हतं त्यात, आणि ते काय ते मला लगेच सुचेना.

फुकुएताईंची खोली कोपऱ्यात आहे. त्या घरातल्या एकट्या गेइको. तिशी ओलांडलेली, शांत, आवाज असा की त्यांनी नुसतं “ये” म्हटलं तरी आपण आपल्यालाच चांगले वाटू लागतो. सुझुहाने त्यांच्याशी एका पेल्यातून साके, म्हणजे तांदळाची दारू, पिऊन बहिणीचं नातं जोडलंय. तिच्या नावातला ‘सुझु’ही ताईंच्या माइको असतानाच्या नावातून आलेला. त्यांनी मला गोड शिजवलेल्या काळ्या सोयाबीनची वाटी दिली आणि सुझुहाने काही खाल्लं का म्हणून विचारलं. मला खरंच बरं वाटलं. या घरात कोणीतरी तिच्या जेवणाची चौकशी करत होतं.

त्या समोरच तयार होत होत्या. केसांचा टोप बाजूला स्टँडवर होता. भुवईवर त्यांनी नुसती काळी रेघ ओढली. मी म्हटलं, लाल नाही लावत? त्या हसल्या. गेइको होऊन कॉलर पांढरी झाली त्या वर्षी लाल सोडला, म्हणाल्या. आता शोभत नाही.

मी सुझुहाबद्दल विचारलं. त्यांनी फार चांगलं सांगितलं. पोर गुणी आहे, वयच तसं, मोठ्या आईंचा राग उतरेल, नाही उतरला तरी बेटावर तिची आई आहे. हे सगळं त्या आरशाला सांगत होत्या. आरशाच्या कडेला गेल्या वर्षीच्या लोंबीतलं कबुतर अडकवलेलं होतं. दाणे कधीच गिऱ्हाइकांना वाटून झाले होते, नुसतं कबुतर उरलं होतं, आणि त्याचा डावा डोळा माझ्याकडे बघत होता. उजवीकडे ते कोरं होतं.

“तुमचा आतला कोणी रेखला नाही?” मी विचारून बसले. सैल जीभ, दुसरं काय.

“नाही,” फुकुएताई म्हणाल्या. “मला कधी तेवढा वेळच नव्हता.”

मी वाटी संपवली. खाली उतरताना जिन्याच्या मधोमध मला कळलं, आणि मला कळायला नको होतं असं वाटलं.

५

मोठ्या खोलीत जेवणाची पानं मांडली होती. गोड पांढऱ्या मिसोच्या रश्श्यातल्या मोचीचा, तांदळाच्या गोल गोळ्यांचा वास येत होता आणि कोणीच खात नव्हतं. फोन मोठ्या आईंच्या मांडीशी होता.

मी लोंबी उचलली आणि त्यांची परवानगी घेऊन त्यांच्या केसांच्या उजव्या बाजूला धरली. कबुतर पुढे बघत होतं. उजवा डोळा बाहेर, डावा आत. मग तीच लोंबी मी डावीकडे नेली, तोंड पुढेच ठेवून.

“आता बाहेर कोणता डोळा आहे?” मी विचारलं.

“डावा,” तामाओताई म्हणाली आणि लगेच गप्प झाली. तिला समजलं होतं.

मी सांगत गेले. सुझुहाच्या कबुतराचा डावा डोळा रेखलाय. उजवीकडे खोवणाऱ्या माइकोला तो आतला. पण हा डोळा रेखणाऱ्या हाताला वर्षानुवर्षं डावा डोळाच बाहेरचा वाटत आलाय. त्या हाताला आतला रेखायचा नव्हताच. बाहेरचा रेखायचा होता. घाईत, पावलं ऐकत, सवयीने. म्हणजे हे प्रेम नाही, चोरी आहे. सुझुहाचं वर्ष चोरायचं होतं.

“डावीकडे मीही खोवायचे,” मोठ्या आई म्हणाल्या.

“हो. पण हे शाईने रेखलेलं नाही, भुवयांच्या काळ्याने रेखलंय. तुम्ही तोंडाला रंग लावणं सोडून किती वर्षं झाली.” मी माझं करडं बोट पुढे केलं. “तामाओताई किंवा सुझुहाचा कुंचला असता तर यात लाल उतरला असता. यात लाल नाही.”

मी नाव घेतलं नाही. घ्यावं लागलं नाही. सगळ्याजणी मोचीच्या वाट्यांकडे बघत होत्या, कोणी फुकुएताईंकडे बघेना.

फुकुएताईंनी दोन्ही हात पुढे टेकले आणि कपाळ चटईला लावलं. तशाच अवस्थेत त्या बोलल्या, म्हणून आवाज दबून येत होता.

“शरदात एका जेवणाला मला बोलावलं होतं. सोळा वर्षं तिथे मीच नाचते. ते म्हणाले, यंदा ती लहानी येईल का, तुम्ही दमला असाल. मी म्हटलं, हो, पाठवते. घरी येऊन तिला मीच पंखा कसा धरायचा ते दाखवलं. तिने माझ्याहून चांगला धरला.” त्या थांबल्या. “काल फळीवर डबा दिसला. वाटलं, एकच वर्ष. एक वर्ष तिचं मला मिळू दे. आज सकाळी तो आतला निघाला, आणि तुम्ही तिला घरी पाठवायला निघालात, तेव्हा मला दिसलं की मला बोलायलाही लागणार नाही. मी नुसती गप्प राहिले तर सगळं होईल. ते जास्त वाईट आहे. डोळा रेखण्याहून ते वाईट आहे.”

मोठ्या आईंनी फोन लांब सरकवला. त्या काही बोलायच्या आत सुझुहा उठली. मला वाटलं रडेल. तिने लोंबी माझ्या हातातून घेतली आणि पसरलेल्या डोळ्याकडे नीट बघितलं.

“आतला डोळा ज्याच्यावर जीव आहे त्याने रेखायचा असतो ना,” ती म्हणाली. “इथे आल्यापासून मला ताईंशिवाय दुसरं कोण होतं? मग बरोबर माणसाने रेखलाय. तो राहू दे.” मग फुकुएताईंकडे न बघता पुढे म्हणाली, “बाहेरचा मी रेखणार. माझं वर्ष मी देणार नाही, ताई. मागितलंत तरी नाही.”

फुकुएताईंचे खांदे हलू लागले.

“आणि माझ्या कबुतराचा आतला कोण रेखणार?” तामाओताई म्हणाली. “हिला तेवढी ताई, आम्ही काय रस्त्यावर पडलोय?”

मोठ्या आई हसल्या, अगदी थोडं, आणि शाईची वडी आणायला उठल्या.

६

घरी मी सगळं सांगितलं. सांगताना हातवारे फार केले, बाबांनी तीनदा रेशमाच्या पाकळ्या माझ्यापासून लांब सरकवल्या.

ऐकून आई म्हणाली, झालं. हेच ती म्हणत होती. बाहेरून रेशीम आणि आत एकमेकींवर डोळे. सोळा वर्षं नाचलेली बाई एका पोरीच्या कबुतराजवळ चोरासारखी जाते, असल्या घरात मुलगी पाठवायची नाही. तिने मोठ्या आईंना निरोप कसा द्यायचा तेही ठरवून टाकलं. बाबांनी चिमट्यातली पाकळी गोंदात बुडवली आणि मला विचारलं, तुझं काय?

दुपारभर मला आठवत होतं ते चटईला टेकलेलं कपाळ. सुझुहाचा राग मला समजतो. तामाओताईचं रोजचं दात घासणंही समजतं. पण नाचायला मिळावं म्हणून इतकं तळमळणं, इतक्या वर्षांनंतर, सगळं मिळून झाल्यावर, ते मी आजवर कोणातच बघितलं नव्हतं. शाळेत नाही, गल्लीत नाही. माझ्यातही नाही. आणि त्यांनी गप्प राहणं सोडून सगळ्यांसमोर ते बोलून दाखवलं. मी असते तर बोलले असते का, खरंच माहीत नाही, आणि मी तर मुलांच्या अख्ख्या संघाला गप्प बसवलंय.

“मी जाणार,” मी म्हटलं.

आईने हातातलं ताट खाली ठेवलं.

“आणि मोठ्या आईंना मी सांगणार आहे की ताई म्हणून मला फुकुएताई हव्यात. दुसऱ्या कोणाचा पेला मी घेणार नाही.”

“त्या? तुझाही हेवा करेल ती बाई,” आई म्हणाली.

“करू दे,” मी म्हटलं. “हेवा करण्यासारखं नाचायला मला शिकवावं लागेल त्यांना आधी.”